सुमतीकाकूंची सम्राज्ञी

मंडळाच्या वार्षिक अंकात सुमतीकाकूंच्या निरोपाच्या चार ओळी छापून आल्या आणि मी तो अंक ओट्यावर आपटला. 'प्रेमळ, सोशिक आणि समंजस अशा आपल्या सुमतीकाकू भारतात परतल्या.' प्रेमळ एक वेळ ठीक आहे. सोशिक? आणि समंजस? ज्या शब्दाची या बाईला जन्मभर चीड होती, नेमका तोच तिच्या नावापुढे चिकटवायला काही वाटलं नाही या लोकांना. गणेशोत्सवात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जे झालं, ते दोन महिन्यांत गिळून ढेकर देऊन मोकळे झाले. म्हणून हे लिहायला बसले आहे. मला कुणी सांगितलेलं नाही आणि अंकात कुणी छापणारही नाही.

सुमतीकाकू आमच्यासमोरच्या घरात राहायच्या, मुलाकडे. न्यूझीलंडच्या रोटोटुना उपनगरातली आमची गल्ली म्हणजे एका साच्यातून काढलेली विटांची घरं, प्रत्येकाला दोन गाड्यांचं गराज, पुढे कापलेलं गवत आणि दिवसा औषधालासुद्धा माणूस नाही. मुलगा मकरंद सॉफ्टवेअरमध्ये, सून सुरुची इंजिनिअर. नात अनुष्का आठ वर्षांची, नातू वेदांत अडीच. काकूंची ही न्यूझीलंडची तिसरी खेप होती. दर खेपेला व्हिसा मिळेल तेवढा मुक्काम, आणि मुक्कामभर पोरांना सांभाळणं.

आमची ओळख भांडणाच्या सुरातच झाली. पाठीच्या दुखण्यामुळे मी रजेवर होते आणि दुपारी कुणीतरी दार बुक्क्यांनी ठोकायला लागलं. उघडलं तर दारात या बाई, साडीवर मुलाचं जाडजूड जॅकेट, पायांत बूट, हातात भारतात फोन करायचं कार्ड. कार्डावरचा नंबर दिसावा म्हणून वरचा रंग खरवडायचा असतो, तो काकूंनी सुरीने खरवडला होता, आणि रंगाबरोबर नंबरही गेला होता.

"हे कार्ड ज्या मेल्याने काढलं त्याला समोर आणा," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्याकडे दुसरं असेल तर मला कऱ्हाडला फोन लावून द्या. आमची शकु मूर्खपणा करायला निघाली आहे."

शकु म्हणजे त्यांची धाकटी बहीण. सुनेचं बाळंतपण करायला ती वर्षभरासाठी बंगलोरला निघाली होती. मी फोन लावून दिला आणि शेजारच्या खोलीत गेले, पण ऐकू यायचं ते आलंच. "जायचं तर जा, शकु. पण हौसेने जा. 'मला कुणी विचारलंच नाही' असं मागाहून माझ्यापाशी रडायचं नाही, सांगून ठेवते." फोन ठेवून बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाठ दुखते तर आडव्या पडा. चहा मी करते. साखर कुठे आहे?"

मला बाई आवडली. मी स्वतः तोंडाळ आहे. मंडळाच्या समितीत मला घेत नाहीत ते त्याचसाठी. नाटक असलं की मात्र प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसवतात, कारण तिथे बोललेलं प्रेक्षकांना ऐकू जायचं नसतं.

त्या रजेत रोज दुपारी काकू यायच्या, आणि बोलता बोलता त्यांची गोष्ट मला कळली. कऱ्हाडला वडिलांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. काकू थोरल्या. पाचव्या बाळंतपणात आई गेली, बाळ वाचलं. काकू तेव्हा नऊ वर्षांच्या. सुतकाचे दिवस पुरे झाले, गोडाचं जेवण झालं, आणि त्याच दुपारी आत्याने आईच्या किल्ल्यांचा जुडगा सुमीच्या परकराच्या नाडीला बांधला. मुठीत सागरगोटे होते, ते "आता हे कशाला?" म्हणून काढून घेतले. मग तिला पाटावर बसवून ओवाळलं. भिक्षुकी करणारे एक काका होते, ते भरल्या घरात मोठ्याने म्हणाले, "लग्नात मुलीला सासरची सम्राज्ञी हो म्हणतात. आमच्या सुमीला माहेरीच राज्य मिळालं!" मोठी माणसं रडता रडता हसली. घरातल्या कुणालातरी हे सुचलं याचंच त्यांना कौतुक वाटलं.

त्या संध्याकाळपासून चूल, पाणी, धाकटी भावंडं आणि तान्हा रवींद्र हे सगळं सुमीचं. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. कुणी पाहुणा आला की वडील तिला बाहेर बोलवायचे आणि पाहुणा म्हणायचा, काय समंजस पोर आहे हो. लग्नसुद्धा तिशीला टेकल्यावर झालं, कारण तिला मोकळी करायला घरात कुणाला सवड नव्हती. नवरा, नीलकंठ, साधा कारकून, चांगला माणूस होता. तो लवकर गेला. एकच मुलगा, मकरंद.

"कामाचा राग नाही गं मृणाल," काकू एकदा कांदा चिरताना म्हणाल्या. "काम कुणाला चुकलंय? बदडून कामाला लावलं असतं ना, तर निदान भोकाड पसरता आलं असतं. मला ओवाळून बसवली. ओवाळल्यावर रडायचं कसं? आणि रडले नाही तर म्हणे समंजस! अरे, नऊ वर्षांच्या पोरीला समंजस म्हणायला लाज नाही वाटत?"

सुरी फळीवर अशी आपटत होती की मला कांद्याचीच दया आली.

आता सम्राज्ञी. अनुष्का शाळेतून आली की मागच्या अंगणातल्या लाकडी डेकवर बसून तूप-साखर लावलेला पाव खायची, आणि काकू तिला गोष्ट सांगायच्या. एकच गोष्ट, पण रोज पुढची. नीलांबरी नावाची एक सम्राज्ञी होती. तिचे वडील लढाईत पडले तेव्हा ती सात वर्षांची होती. मुकुट तिच्या डोक्याला एवढा मोठा झाला की थेट नाकावर आला. मग दरबाऱ्यांनी आत चिंध्या कोंबल्या आणि म्हणाले, डोकं वाढेल तशा काढू. राज्य काका चालवायचा. हुकूम काका लिहायचा, नीलांबरीचं बोट धरून त्यावर शिक्का उमटवायचा, आणि लोक शिव्या द्यायचे त्या मात्र नीलांबरीला.

"व्हाय डिडन्ट शी जस्ट से नो?" अनुष्का विचारायची. पोरीला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"कुणाला म्हणणार नो? सगळे तिच्या पाया पडत होते."

एकदा नीलांबरी भिंतीवरून उडी मारून पहारेकऱ्याच्या मुलीबरोबर खेळायला पळाली. सापडली. तिला कुणी रागावलं नाही. पहारेकऱ्याला मात्र बायको-मुलीसकट राज्याबाहेर काढलं आणि त्या हुकुमावरही नीलांबरीचाच शिक्का मारला. हे ऐकून अनुष्काने पाव खाली ठेवला आणि दोन दिवस काकूंशी धड बोलली नाही. काकूंनी गोष्ट गोड करून दिली नाही. सोळाव्या वर्षी नीलांबरीने भर दरबारात मुकुट काढला, आतल्या चिंध्या ओढून काकाच्या पुढ्यात टाकल्या, आणि मुकुट पुन्हा घातला. या वेळी बरोबर बसला. काका गेला, पहारेकऱ्याला शोधून परत आणलं, आणि पुढे तिने उत्तम राज्य केलं. कालवे काढले, लाचखाऊ कारभाऱ्यांना घरी बसवलं, लग्न केलं, मुलगा झाला.

शेवट मी स्वतः डेकवर बसून ऐकला आहे. नीलांबरी म्हातारी होते. तिचा मुलगा साथीत जातो. मागे उरते सात वर्षांची नात. दरबारी तोच मुकुट आणि नव्या चिंध्या घेऊन येतात. नीलांबरी मुकुट हातात घेते आणि म्हणते, "राज्य थोडं थांबलं तरी बुडत नाही. पोरीला खेळू द्या." मुकुट पेटीत जातो, आणि नात मोठी होऊन स्वतः मागेपर्यंत पेटी उघडायची नाही असं ठरतं. बस, संपली गोष्ट.

गणेशोत्सवात मुलांचं नाटक बसवायचं ठरलं तेव्हा मीच काकूंचं नाव पुढे केलं. आमचे अध्यक्ष देवव्रत खूश झाले. पैठण्या, मुकुट, भालदार-चोपदार, म्हणजे पन्नास पोरांना उभं करायची सोय. काकूंनी आठ दिवसांत नाटक लिहून दिलं. इथल्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून सगळे संवाद मी इंग्रजी अक्षरांत टाइप केले आणि मुलांनी ते पाढ्यांसारखे पाठ केले. निम्म्या पोरांना आपण काय बोलतोय ते कळतही नव्हतं. लहान नीलांबरी आणि शेवटची नात ही दोन्ही कामं अनुष्काकडे आली. म्हातारी नीलांबरी झाली देवव्रतांची कॉलेजात जाणारी मुलगी, ऋचा.

आणि नेमक्या याच दिवसांत समोरच्या घरात दुसरंच शिजत होतं. काकूंचा व्हिसा ऑक्टोबरात संपत होता. त्यानंतर शाळा सुटल्यापासून सुरुची घरी येईपर्यंत पोरांना कोण सांभाळणार? मकरंदने तोडगा काढला. तो ऑफिसातून मधेच निघून अनुष्काला शाळेतून आणि वेदांतला पाळणाघरातून घरी आणून सोडणार आणि परत जाणार. पुढचा दीड तास वेदांतला अनुष्का बघणार. किल्ली तिच्या दप्तराला लावायची, दार आतून लावून घ्यायचं, फोन वाजला तर "मम्मी बाथरूममध्ये आहे" असं सांगायचं. असं बोलायला शिकवत होते पोरीला! आठ वर्षांच्या!

"अगं, दीड तासाचा तर प्रश्न आहे," मकरंद मला म्हणाला. "आमची अनु हीप्स, खूपच मॅच्युअर आहे तिच्या वयाच्या मानाने. खूप समंजस आहे."

"या देशात चौदा वर्षांखालच्या पोराला असं एकटं ठेवता येत नाही, माहीत आहे ना?"

"ते इथल्या लोकांच्या पोरांसाठी. आपली मुलं वेगळी असतात."

याला काय म्हणावं? आपली मुलं वेगळी असतात! पुण्यात निदान पोरगं रडलं तर चार दारं उघडतात. इथे मी समोर राहते, मी कामावर असते, आणि उरलेल्या गल्लीत कुत्रं भुंकलं तरी बघायला कुणी येत नाही. पण आपल्या लोकांना पोरं लवकर शहाणी झालेली फार आवडतात. चार पाहुण्यांत मिरवता येतं.

काकूंनी घरात विरोध केला. मकरंद हसला. काकूंनी जेवण सोडलं. मकरंद म्हणाला, आई, नाटकं नको. मग एका शनिवारी त्याने 'ट्रायल' घेतली. नवराबायको बाजारात गेले, पोरं घरात, आणि काकूंना मुद्दाम माझ्याकडे बसवलं, मधे पडायचं नाही अशी ताकीद देऊन. काकू माझ्या खिडकीपाशी उभ्या राहून समोरच्या बंद दाराकडे बघत राहिल्या. मी दोनदा म्हटलं, चला, जाऊन बघू. त्या म्हणाल्या, "गेले तर हा मला उद्याच विमानात बसवेल. मग महिनाभर तरी पोरीजवळ कोण राहील?" मकरंद-सुरुची परतले. अनुष्काने दार उघडलं. कसं झालं विचारल्यावर ती म्हणाली, "इट वॉज फाइन." मकरंदने तिला उचलून घेतलं आणि सगळ्या मित्रांना फोन करून सांगितलं. मला काकूंच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना ते 'फाइन' अजिबात पटलेलं नाही. पोरीला खोदून विचारलं तर ती नजर चुकवायची.

गणेशोत्सवाचा शनिवार उजाडला. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. बाहेर कडाक्याची थंडी, आत मोदकांचा वास. दुपारी रंगीत तालीम, आणि त्यात देवव्रतांनी बदललेला शेवट पहिल्यांदा आमच्या कानांवर पडला. आदल्या रात्री त्यांनी ऋचाला नवीन पान दिलं होतं. प्रायोजक म्हणून एक घरं विकणारे गृहस्थ आले होते. त्यांना स्टेजवर बोलवायला निमित्त हवं होतं. तेव्हा आता म्हातारी नीलांबरी नातीला सिंहासनावर बसवणार, म्हणणार, "आमची नात लहान असली तरी समंजस आहे", आणि प्रमुख पाहुणे स्वतःच्या हाताने तिला मुकुट घालणार. मग फुलं, नाच, राष्ट्रगीत, जेवण.

मी विंगेतून बाहेर आले आणि देवव्रतांना विचारलं, हा काय गाढवपणा आहे.

"अगं, शेवट डल होता," ते म्हणाले. "मुकुट पेटीत ठेवून कुणी नाटक संपवतं का? लोकांना सोहळा हवा असतो."

"ज्यांनी लिहिलं त्यांना विचारलंत?"

"काकू काय, समजून घेतील. त्या खूप..."

"तो शब्द उच्चारू नका," मी म्हटलं. त्यांनी उच्चारला नाही, पण शेवटही बदलला नाही.

काकू पहिल्या रांगेत बसून तालीम बघत होत्या. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. त्या काहीच बोलल्या नाहीत. मकरंद त्यांच्याजवळ येऊन म्हणाला, "आई, ॲडजस्ट कर ना. केवढा उत्साह आहे सगळ्यांचा. आणि अनुला मुकुट मिळतोय." काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मला त्या गप्प बसण्याचा भयंकर राग आला. तुम्हीसुद्धा का, काकू, असं मनात आलं.

संध्याकाळी नाटक सुरू झालं. हॉल भरला होता. लहान मुलांच्या कॉलरला माइक लावले होते, कारण त्यांचे आवाज पोचत नाहीत. अनुष्का अप्रतिम करत होती. मोठा मुकुट नाकावर येतो तेव्हा हॉल हसला. पहारेकऱ्याला हाकलतात तिथे ती खरोखर रडली. मी विंगेत मांडीवर कागद घेऊन बसले होते. पडद्याची दोरी माझ्या नवऱ्याकडे, रमणकडे होती. समोरच्या विंगेत देवव्रत हातात फुलांचं तबक घेऊन उभे होते.

शेवटचा प्रवेश आला. नात सिंहासनावर बसली. पाहुणे सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट घेऊन झोकात आले. ऋचा दोन्ही हात पसरून म्हणाली, "आमची नात लहान असली तरी समंजस आहे." टाळ्या पडल्या. आणि पहिल्या रांगेतून काकू उठल्या.

बाजूच्या पायऱ्यांवरून त्या वर आल्या. साडी, जॅकेट, बूट. अनुष्काच्या डोक्यावर मुकुट टेकायच्या आत त्यांनी तो पाहुण्यांच्या हातातून काढून घेतला. पाहुण्यांना वाटलं हे नाटकातच आहे. ते टाळ्या वाजवत मागे सरकले. देवव्रत समोरून मला आणि रमणला खुणा करायला लागले, पडदा, पडदा! मी रमणकडे बघितलं. रमण मुखदुर्बळ माणूस आहे, लग्नापासून मी त्याला त्यावरून बोलत आले आहे. त्याने शांतपणे दोरी खुंटीला अडकवली आणि हाताची घडी घातली.

काकू मधोमध उभ्या होत्या, हातात मुकुट. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आले नाहीत. एवढी तोंडाळ बाई, आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो क्षण आला आणि वाचाच बसली. मी कागदाकडे बघितलं नाही. मला पाठ होतं. जेवढ्या मोठ्याने ओरडता येईल तेवढ्या मोठ्याने मी प्रॉम्प्टिंग केलं, "राज्य थोडं थांबलं तरी बुडत नाही!"

"राज्य थोडं थांबलं तरी बुडत नाही," काकू म्हणाल्या. आवाज फुटला, मग भरला. "पोरीला खेळू द्या."

इथे नाटक संपत होतं. पण काकू थांबल्या नाहीत. त्यांनी तिसऱ्या रांगेत वेदांतला मांडीवर घेऊन बसलेल्या मुलाकडे बघितलं.

"मकरंद, ही आठ वर्षांची आहे. तुझं घर, तुझी किल्ली आणि तुझं तान्हं हिच्या गळ्यात बांधू नकोस. मला बसवली तेव्हा मी नऊची होते. मला कुणी विचारलं नव्हतं. तूही हिला विचारलेलं नाहीस."

कुणीतरी खोकलं. देवव्रत स्टेजवर येऊ की नको अशा पवित्र्यात अडकले होते. आणि सिंहासनावरून बारीक आवाज आला. पोरगी बापालाच सांगत होती, पण कॉलरचा माइक चालू होता आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

"डॅड, इट वॉजन्ट फाइन. ही वुडन्ट स्टॉप क्राइंग. आय हेल्ड हिम बिहाइंड द डोअर अँड आय क्राइड टू. आय डिडन्ट टेल यू बिकॉज यू वेअर सो हॅपी."

काकूंनी मुकुट खाली ठेवला, अनुष्काला सिंहासनावरून उचलून कडेवर घेतलं आणि पायऱ्या उतरल्या. आठ वर्षांची घोडी आणि चौसष्ट वर्षांची बाई, पण उतरल्या नीट. मग रमणने पडदा पाडला.

जेवणाच्या रांगेत देवव्रत मला म्हणाले, कार्यक्रमाचा विचका केलात. मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अर्ध्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. उरलेल्या अर्ध्यांनी आपापल्या पोरींकडे जरा निरखून बघितलं असावं अशी माझी आशा आहे, पण खात्री नाही.

पार्किंगमध्ये मकरंद आईवर तुटून पडला. "चार लोकांत माझी लाज काढलीस."

"काढली," काकू म्हणाल्या. "घरात सांगून बघितलं होतं. तेव्हा तू हसलास."

पंधरा दिवस तो आईशी बोलला नाही. सुरुचीने मात्र सोमवारीच शाळा सुटल्यानंतरच्या देखरेखीच्या वर्गात अनुष्काचं नाव घातलं, वेदांतसाठी एक बाई शोधली, आणि स्वतः ऑफिसात सांगून दोन दिवस लवकर निघायला लागली. मला कुंपणापाशी गाठून म्हणाली, "आई बोलल्या ते बरं झालं. मलाही पटत नव्हतं, पण मी बोलले असते तर भांडण झालं असतं." मला वाटलं हिच्या दोन थोबाडीत द्याव्यात. मग बोलायचं होतंस ना, बाई! भांडण झालं असतं तर झालं असतं. म्हाताऱ्या सासूने स्टेजवर चढेपर्यंत कशाची वाट बघत होतीस?

ऑक्टोबरात काकू निघाल्या. मी आणि रमणही त्यांच्याच मोठ्या गाडीतून ऑकलंडला विमानतळावर गेलो. वाटेत पापाटोएटोला एका भारतीय दुकानात थांबून त्यांनी प्रवासासाठी ठेपले घेतले आणि ते मऊ नाहीत म्हणून दुकानदाराला सुनावलं. मकरंद गाडी चालवत होता, बोलत होता, पण जेवढ्यास तेवढं. अनुष्का आजीला टेकून बसली होती, एकदम शांत. मला ते शांत बसणं बघवत नव्हतं.

आत जायच्या दारापाशी काकूंनी तिचा पापा घेतला आणि वळल्या. अनुष्का तिथेच खाली बसली. मग आडवी झाली. आणि मग तिने जे सुरू केलं, ते मी त्या पोरीच्या बाबतीत कधी पाहिलं नव्हतं. पाय आपटणं, हात आपटणं, पायांतल्या जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, एक इकडे एक तिकडे, आणि घशाच्या शिरा ताणून आरडाओरडा, तोही मराठीत. "नाही जायचं! आज्जी, तू नाही जायचंस! नाही नाही नाही!" रांगेतली माणसं थांबून बघायला लागली. एक कर्मचारी विचारपूस करायला आली. वेदांत घाबरून रडायला लागला. सुरुचीने त्याला उचललं. तोंड लाल झालेला मकरंद पुढे वाकला.

"अनु, उठ. सगळे बघताहेत. यू आर अ बिग..."

तिथेच तो अडकला. आईकडे बघितलं. मग हळूच, भर विमानतळावर, इस्त्रीच्या पँटीत, तो पोरीच्या शेजारी फरशीवर बसला. तिला उचललं नाही. नुसता बसला.

काकू परत आल्या. हातातली पिशवी ठेवली, गुडघे दाबत दाबत त्याही खाली बसल्या, आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रड. अजून जोरात."